विश्लेषण : हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट का? बर्मिंगहॅमचा कारखाना ते मुंबईचे रंगभवन, व्हाया 'जगात जर्मनी'

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणी जिल्ह्यात लहान पोरांनाही पाठ असते. त्या जर्मनीच्या उत्तर टोकाला वाकेन नावाचे एक खेडे आहे. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास, चहूकडे शेते आणि गायींचे गोठे. आकाराने पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या गावाएवढे. दरवर्षी जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला या गावात जगभरातून सुमारे ८५ हजार माणसे उतरतात. बहुतेकांच्या अंगात काळे टी-शर्ट, पायात गमबूट. चार दिवस शेतात तंबू ठोकायचे, पाऊस आला तर चिखलात उभे राहायचे आणि गिटारी ऐकायच्या. हेवी मेटल संगीताची ही जगातली सर्वांत मोठी जत्रा मानली जाते.

२२ जुलै २०२५ रोजी ओझी ऑस्बॉर्न यांचे वयाच्या ७६ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर अनेकांच्या फोनवर या संगीताचे तुकडे फिरू लागले. लांब केस, काळे कपडे, कानठळ्या बसवणारा आवाज. घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला, 'हे काय गाणं म्हणायचं का?' प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी ५५ वर्षांचा इतिहास बघावा लागतो आणि त्यातला बराचसा कारखान्यात, शेतात आणि कॉलेजच्या मैदानात घडलेला आहे.

सुरुवात कुठे झाली?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन या कामगारवस्तीत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालेला हा भाग. आजूबाजूला लोखंडाचे, मोटारीच्या सुट्या भागांचे कारखाने. ओझी यांनी तरुणपणी कत्तलखान्यात काम केले, गाड्यांचे हॉर्न तपासण्याच्या कारखान्यातही काम केले. त्यांचा जोडीदार टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथली नोकरी सोडण्याच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या १७ व्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात कापली गेली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा.

गिटार संपली, असे डॉक्टरांनी सांगितले. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून ऐकवली. जँगो यांचा हात आगीत भाजला होता आणि ते तारा दाबायला दोनच बोटे धडपणे वापरून वाजवत. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबताना दुखायचे म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे तारांचा ताणच कमी केला. ताण कमी म्हणजे स्वर खाली. स्वर खाली गेल्यावर गिटारीचा आवाज जड, घुमणारा आणि काळोखा झाला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत हे तंत्र पक्के झाले आणि आजही जगभरातले मेटल वादक गिटार खालच्या पट्टीत लावतात. एका अपघातावरची तडजोड अशी एका अख्ख्या संगीतप्रकाराची ओळख बनली.

आयोमी, ओझी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या चौघांच्या बँडचे नाव 'ब्लॅक सॅबथ'. हे नाव त्यांनी एका भयपटावरून उचलले. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, तर गाणेही घाबरवणारे का नको, असा तो हिशेब होता. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. बहुतेक अभ्यासक हेवी मेटलची जन्मतारीख हीच धरतात. लेड झेपलिन आणि डीप पर्पल हे समकालीन बँडही वाटेकरी आहेतच, पण त्यांच्या संगीताचा पाया ब्लूज आणि रॉक हा राहिला. सॅबथने वेगळा रस्ता धरला.

'सैतानाचा स्वर' म्हणजे नेमके काय?

त्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याची मुख्य सुरावट तीन स्वरांची आहे. सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात 'संगीतातला सैतान' असे नाव पडले होते, कारण ते कानाला अस्वस्थ करते आणि कुठेतरी स्थिरावायला भाग पाडते. सॅबथने ते स्थिरावूच दिले नाही. संथ लयीत तोच स्वर पुन:पुन्हा आदळत ठेवला.

मराठी कानाला यात गंमत वाटावी. हाच तीव्र मध्यम यमन रागात आहे. संगीताच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात तो यमन. तिथे तो स्वर संध्याकाळची शांतता घेऊन येतो. मारव्यात तोच हुरहूर लावतो. स्वर तोच, पण तो कुठून घ्यायचा, कुठे सोडायचा आणि किती जोरात, यावर त्याचे सैतान होणे किंवा सांजवात होणे ठरते. त्यामुळे हेवी मेटलला सूर नसतो, हा आक्षेप टिकत नाही. सूर असतो, तो ठरवून खडबडीत केलेला असतो. गिटारीचा विद्युत संकेत क्षमतेपेक्षा जास्त वाढवला की आवाज फाटतो. रेडिओवाले ज्याला दोष समजत, त्या फाटलेल्या आवाजालाच या लोकांनी वाद्य बनवले.

पुढचे मोठे टप्पे कोणते?

बर्मिंगहॅमजवळच्याच 'जुडास प्रीस्ट' या बँडने ब्लूजचा उरलासुरला अंश काढून टाकला, दोन गिटारी समोरासमोर लढवल्या आणि चामड्याचे कपडे, खिळे मारलेले पट्टे हा पेहराव रूढ केला. १९८० च्या त्यांच्या अल्बमचे नावच 'ब्रिटिश स्टील'. त्याच वर्षी लंडनच्या 'आयर्न मेडन'चा पहिला अल्बम आला. मेडनने गाण्यात इतिहास, युद्ध, जुन्या कविता आणल्या. 'एडी' नावाचा सांगाडा हे त्यांचे चिन्ह आज इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांच्या टी-शर्टवरही दिसते.

मग सूत्रे अमेरिकेकडे गेली. १९८१ मध्ये लॉस एंजलिसमध्ये लार्स उलरिख या ड्रम वाजवणाऱ्या मुलाने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, सोबत वाजवायला माणसे हवीत म्हणून. त्यातून 'मेटॅलिका' उभी राहिली. १९८२ मध्ये त्यांनी काढलेली नमुन्याची कॅसेट चाहत्यांनी एकमेकांना टपालाने पाठवत, कॉपीवर कॉपी करत देशोदेशी नेली. कंपनी नाही, रेडिओ नाही, तरी प्रसार झाला. आज रील फॉरवर्ड होते तसाच प्रकार, फक्त पोस्टाच्या तिकिटावर. १९८३ चा 'किल एम ऑल' हा अल्बम 'थ्रॅश' या वेगवान उपप्रकाराची सुरुवात मानला जातो. १९८६ मध्ये त्यांचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'स्लेयर' बँडचा 'रेन इन ब्लड' असे दोन महत्त्वाचे अल्बम आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात मेटॅलिकाचे बास गिटारवादक क्लिफ बर्टन यांचा मृत्यू झाला. बँड थांबला नाही. १९९१ मध्ये काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने हे संगीत घराघरांत नेले आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळत असताना मॉस्कोच्या विमानतळावर लाखोंच्या गर्दीपुढे मेटॅलिका वाजली.

यानंतर शाखा इतक्या फुटल्या की त्यांची यादी करण्यात अर्थ नाही. डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, न्यू मेटल अशी नावे फेकत चाहते आपापसात भांडत असतात. नव्या माणसाने त्या भांडणात न पडलेले बरे.

मुले बिघडतात, हा आरोप खरा की खोटा?

हा वाद अमेरिकेत थेट संसदेत गेला होता. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या पत्नींनी स्थापन केलेल्या पालकांच्या एका गटाने गाण्यांतल्या हिंसा आणि अश्लीलतेविरुद्ध मोहीम काढली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. 'ट्विस्टेड सिस्टर' बँडचे गायक डी स्नायडर तिथे रंगमंचावरच्या थाटात, विस्कटलेल्या केसांनी गेले. समितीला मूर्ख तरुण अपेक्षित होता. समोर आला तो लिखित निवेदन घेऊन मुद्देसूद बोलणारा माणूस. पुढे ध्वनिफितींवर 'पालकांसाठी सूचना' हे काळे-पांढरे लेबल लागले. लेबल लागले की पोरे तीच कॅसेट आधी घेतात, हे दुकानदारांच्या लवकरच लक्षात आले.

१९९० मध्ये नेवाडा राज्यात 'जुडास प्रीस्ट'वर खटला चालला. एका गाण्यात दडवलेले संदेश ऐकून दोन तरुणांनी स्वत:वर गोळी झाडली, असा आरोप होता. न्यायालयाने तो फेटाळला.

मात्र सगळे आरोप हवेतले नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत 'ब्लॅक मेटल' वर्तुळातल्या काही तरुणांनी शेकडो वर्षे जुनी लाकडी चर्च जाळली. १९९३ मध्ये 'मेहेम' बँडच्या गिटारवादकाचा खून झाला आणि त्याच वर्तुळातल्या वादकाला १९९४ मध्ये शिक्षा झाली. मेटलचे चाहते हा भाग बोलताना घाईने ओलांडतात, तसे करण्याचे कारण नाही. मूठभरांचा तो गुन्हा होता आणि त्याची शिक्षा न्यायालयाने दिली. त्यावरून टी-शर्ट घातलेल्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहणे म्हणजे तमाशात एकदा मारामारी झाली म्हणून ढोलकीला दोष देण्यासारखे आहे.

महाराष्ट्राचा यात संबंध काय?

संबंध बराच जुना आहे. १९५० च्या दशकात झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तिथे त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला आणि तो पियानो वाजवू लागला. पुढे जग त्याला 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. क्वीन हा हेवी मेटल बँड नव्हे. पण त्यांचे १९७४ मधले 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे गाणे इतके वेगवान होते की अनेक जण त्यात थ्रॅशची चाहूल पाहतात. मेटॅलिकाने ते पुन्हा गायले आणि त्यासाठी त्यांना १९९१ मध्ये मेटल विभागातला ग्रॅमी मिळाला.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये वाजवूनही गेले. त्या काळात मुंबईत 'ॲटॉमिक फॉरेस्ट'सारखे स्थानिक रॉक बँड हॉटेलांत आणि स्पर्धांत वाजवत होते.

खरी चळवळ १९८० च्या दशकात उभी राहिली. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. त्यांनी परदेशी गाण्यांच्या नकला सोडून स्वत:ची गाणी लिहिली, १९८८ मध्ये अल्बम काढला आणि पुढे 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. त्यांचे संगीत हार्ड रॉकच्या अंगाने जाणारे. निखळ मेटलचा मान बंगळूरच्या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'मिलेनियम' बँडला दिला जातो.

१९८६ मध्ये मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव सुरू झाला. स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे धोबीतलावच्या रंगभवनात देशभरातले बँड येत. भर पावसाळ्यात, उघड्या रंगमंचावर. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांवर एमटीव्ही दिसू लागले, काळाघोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये परदेशी कॅसेट मिळू लागल्या आणि आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो'मधली 'लाइव्हवायर' स्पर्धा कॉलेजच्या बँडांचे लक्ष्य बनली. मराठवाड्यातून अभियांत्रिकीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलांसाठी या संगीताचे दार बहुधा असे उघडले. वसतिगृहातल्या खोलीतल्या साथीदाराची कॅसेट, नंतर पेन ड्राइव्ह.

रंगभवन का थंडावले?

इथे गोष्ट संगीताकडून कायद्याकडे वळते आणि परभणीच्या गल्लीपर्यंत येते. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये लागू झाले. त्यांनुसार रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले.

रंगभवनाच्या एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय, जवळच कामा आणि जीटी रुग्णालये. २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथले रॉकचे कार्यक्रम थांबले. जॅझ यात्रेपासून इंडिपेंडन्स रॉकपर्यंत सगळ्यांचे ते घर होते. स्वस्त, मध्यवर्ती, लोकलने येता येईल असे.

नियमामागचा विचार चुकीचा नाही. रुग्णालयाच्या भिंतीला लागून ११० डेसिबल वाजवणे कुणालाही पटणार नाही. पण एका जागेला कुलूप लावताना दुसरी दिली गेली नाही, हा भाग खटकतो. महोत्सव जागा बदलत फिरला, मध्ये खंड पडला आणि २०२२ मध्ये मोठ्या प्रायोजकासह परत आला. दरम्यान, मिरवणुकांतल्या डीजेच्या भिंती मात्र गावोगावी उंच होत गेल्या. त्याच नियमांखाली, त्याच डेसिबलच्या मर्यादेत. आवाजाला विरोध करणाऱ्यांनी आणि आवाज करणाऱ्यांनीही हे गणित एकदा तपासायला हरकत नाही.

मुंबईच्या बँडांनी काय मिळवले?

रंगभवन गेले त्याच सुमारास मुंबईत मेटलची नवी पिढी उभी राहत होती. २००० मध्ये साहिल मखिजा यांनी 'डेमॉनिक रिझरेक्शन' सुरू केला. ध्वनिमुद्रण करणारी कंपनी मिळेना म्हणून स्वत:चेच लेबल काढले, जागा मिळेना म्हणून कार्यक्रमही स्वत:च भरवले. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार या बँडला मिळाला. २०१७ चा त्यांचा अल्बम 'दशावतार', विष्णूच्या दहा अवतारांवर बेतलेला. मत्स्य, कूर्म, वराह ही नावे गुरगुरत्या आवाजात ऐकणे हा वेगळाच अनुभव. (हेच मखिजा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाने पाककृतीही दाखवतात. संगीतापेक्षा स्वयंपाकामुळे त्यांना ओळखणारे परदेशात कमी नाहीत.)

२००३ चा 'भयानक मौत' नावातच सगळे सांगतो. 'स्क्राइब'ने २०१० मधल्या अल्बमचे नाव 'अंदाज अपना अपना' सिनेमातल्या तेजावरून ठेवले आणि २०१४ मधल्याचे मोगॅम्बोवरून. या बँडांनी मेटलमध्ये मुंबईची टपोरी थट्टा आणली. 'गटस्लिट' या बँडचे पगडीधारी बास गिटारवादक युरोपच्या दौऱ्यांत लगेच ओळखू येतात.

१ फेब्रुवारी २००८ ही तारीखही नोंदवायला हवी. आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केला. बँडचे बोइंग ७५७ विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वत: चालवत होते. तो प्रवास पुढे 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात आला. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'एनएच ७ वीकेंडर' महोत्सवात २०१९ साली स्वीडनचा 'ओपेथ' वाजून गेला. उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये गुरगावातला मेटॅलिकाचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला, चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळुरात तोच बँड सुरळीत वाजला.

मराठीत हेवी मेटल का नाही?

मराठीत रॉक आहे, अभंगांना गिटारीची जोड देणारे प्रयोगही आहेत. पण सर्वदूर नाव झालेला मराठी मेटल बँड अजून दिसत नाही. मुंबईची मेटल चळवळ बहुतांशी इंग्रजीत वाढली, इंग्रजी कॉलेजांत वाढली. भाषा आडवी आली की संधी, हा वादाचा मुद्दा आहे. मराठी भाषेचा नाद या संगीताला जमणार नाही, हे कारण मात्र पटण्यासारखे नाही. पोवाडा ऐकलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

बाहेरची उदाहरणे बोलकी आहेत. ब्राझीलच्या 'सेपल्टुरा'ने १९९६ मध्ये 'रूट्स' हा अल्बम करताना शावांते या आदिवासी जमातीबरोबर जाऊन ध्वनिमुद्रण केले. मंगोलियाच्या 'द हू' बँडने घशातून गाण्याची आणि घोड्याच्या मस्तकाचे चिन्ह असलेल्या तंतुवाद्याची आपली परंपरा तशीच मेटलमध्ये आणली, मंगोल भाषेतच. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'ने ढोल, बासरी आणि हिंदी-पंजाबी शब्द घेतले. २०१९ मध्ये हा बँड वाकेनच्या मंचावर पोहोचला, २०२२ मध्ये 'रक्षक' हा अल्बम आला. तिथल्या जर्मन श्रोत्याला ढोल परका वाटला नाही, उलट तोच हवा होता.

मग संबळ का नको? परभणी ही गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांची भूमी. संबळ म्हणजे लहान-मोठ्या दोन वाद्यांची जोडी. मोठ्यावर वाकड्या काडीचा घुमारा, लहानावर सरळ काडीची कडकड. एकाच माणसाच्या दोन हातांत खर्ज आणि तार. मेटलचा ड्रमवादक पायाने मोठा ड्रम आणि हाताने लहान ड्रम वाजवून हेच साधतो. रात्रभर चालणारे आख्यान, मध्येच चढणारी लय, देवीचा संचार, पेटत्या पोताचा उजेड. आयर्न मेडनच्या कार्यक्रमात जाळ आणि सांगाडा आणून जो माहोल तयार करतात, तो गोंधळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुलना ताणायची नाही. गोंधळ ही कुळाचाराची विधी आहे आणि मेटल हा करमणुकीचा कार्यक्रम. पण वादक दोन्हीकडचे ऐकू शकतो.

व्यासपीठाचा प्रश्न उरतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य गायन, समूहगान आणि वादन असे प्रकार असतात. जिल्ह्यातल्या मुलांसाठी ते एक जवळचे दार आहे. स्वस्त इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम संच यांसाठी काही हजारांचा खर्च येतो, सरावाला खोली लागते आणि शेजाऱ्यांची सहनशीलता लागते. संगणकावर ड्रम बसवून हेडफोनवर सराव करणे आता शक्य आहे, म्हणून शेवटची अट थोडी सैल झाली आहे.

वाकेनमध्ये असे काय झाले?

१९९० च्या ऑगस्टमध्ये थॉमस येन्सन आणि होल्गर हुबनर या गावातल्या तरुणांनी गावाबाहेरच्या वाळूच्या खाणीत सहा जर्मन बँड वाजवले. आठशेएक माणसे आली. सुरुवातीची काही वर्षे तोट्याची गेली. हळूहळू शेतकऱ्यांनी जमिनी भाड्याने दिल्या, गावकऱ्यांनी अंगणात नाश्त्याच्या टपऱ्या टाकल्या. गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा एक ब्रास बँड आहे, आपल्याकडे लग्नात वाजतो तशा पितळी वाद्यांचा. काळ्या कपड्यांतल्या हजारोंच्या गर्दीपुढे महोत्सवाची सलामी हे गणवेशातले काका देतात आणि गर्दी त्यांच्यावर नाचते. २०१७ मध्ये बिअरचे ट्रक चिखलात रुतू नयेत म्हणून शेताखालून सुमारे सात किलोमीटरची नळयोजना टाकली गेली. २०२३ मध्ये पावसाने इतका चिखल झाला की निम्म्या वाटेवर आलेल्या हजारोंना परत फिरवावे लागले. गावाच्या म्हाताऱ्यांवर आणि गायींवर 'फुल मेटल व्हिलेज' नावाचा माहितीपटही निघाला आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

एकदम टोकाच्या बँडपासून नको. ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' (१९७०) आधी, मग आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२), त्यानंतर मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स'. गायकाच्या आरडाओरडीकडे दुर्लक्ष करून पहिल्यांदा फक्त ड्रमकडे कान द्यावा, दुसऱ्यांदा गिटारीकडे. भजनात टाळाकडे आणि पखवाजाकडे वेगवेगळे लक्ष देता येते तसे. ज्यांना आपली भाषा आणि आपली वाद्ये जवळची वाटतात त्यांनी ब्लडीवुड किंवा 'दशावतार'पासून सुरुवात केली तरी चालेल.

आवाजाचे मात्र पथ्य पाळावे. १९७२ मधल्या एका कार्यक्रमात ११७ डेसिबल नोंदल्याबद्दल डीप पर्पलला गिनेस बुकाने जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड ठरवले होते. बहिरेपणाला उत्तेजन नको म्हणून पुढे गिनेसने हा विक्रमच बंद केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. तोच ९० डेसिबलवर नेला तर आठवड्याला चारच तास. फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा, असे ही संघटना सांगते आणि हे डीजेवरच्या गाण्यांनाही लागू आहे.